जाळीदार वाण

"याला जाळी म्हणता येईल का हो, दादा?"

माझ्या नवऱ्याने, निनादने, ती मिठाई दुकानाच्या दिव्याखाली धरली होती. फुलाच्या आकाराची, तळून मधात बुडवलेली, चकचकीत तपकिरी मिठाई. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा कपाळावर चढवला, ती डोळ्यांजवळ नेली आणि उलटसुलट करून पाहिली.

"म्हटलं तर आहे," दादा म्हणाले. "कडेला बारीक भोकं दिसतायत."

"कडेला," निनाद म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि हसून मिठाई परत टोपलीत टाकली. दुकानातल्या बाईंनी ती हाताळलेली मिठाई निमूट बाजूला काढली. दादांनी त्यांना घाईघाईने नमस्कार केला. त्या दिवशी दादा दिसेल त्याला नमस्कार करत होते.

"मी काही मानत नाही हं यातलं," निनाद पुढे चालता चालता म्हणाला. "पण नाशिकला आईला वाईट वाटायला नको."

मी काही मानत नाही, पण. हे वाक्य मी लग्न ठरल्यापासून ऐकत आले होते. मी मानत नाही, पण आईची हौस. मी मानत नाही, पण लोक विचारतात. मानणाऱ्या माणसाला निदान कधीतरी पुरे म्हणता येतं. न मानणाऱ्याचं पोट भरतच नाही.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता, आमच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं. तेहतीस अनारसे, कारण अनारशाला जाळी असते आणि या महिन्यात देवाला का कोण जाणे, भोकं पडलेलं खायला आवडतं. जावई म्हणजे त्या दिवसापुरता विष्णू. आमचे विष्णू कोरियात जहाजांच्या कारखान्यात इंजिनियर होते, म्हणून आईदादा कऱ्हाडहून इतक्या लांब विमानाने आले. आईने तांदूळ भिजत घालण्यापासून सगळं हाताने केलं होतं. प्रवासात बॅगेतला डबा उपडा झाला, त्यावर दादांचे बूट येऊन बसले, आणि आमच्याकडे उघडला तेव्हा आत खसखशीचा वास मारणारा भुगा होता.

सासूबाईंनी नाशिकहून फोनवर निकाल दिला. "आमचं काही म्हणणं नाही हो, विहीणबाई. तुम्हाला जमेल तसं करा. फक्त जाळीदार हवं, तेहतीस हवेत, आणि अखंड हवेत. भुगा कसा देणार जावयाला?"

काही म्हणणं नसलेल्या माणसांचं म्हणणं एवढं असतं. भुग्याचा डबा घेऊन आई स्वयंपाकघरात एकटीच बसून राहिली. अधिकाचा शेवटचा दिवस उगवला तरी वाण झालेलं नव्हतं. म्हणून आम्ही सकाळी बसने बुसानला आलो. सांगायला सहल होती, शहरातले खाण्यापिण्याचे बाजार बघायचे होते. प्रत्यक्षात आम्ही चौघं भोकं शोधत फिरत होतो.

मला त्या भोकांशी काही देणंघेणं नव्हतं. परवा आईदादांचं परतीचं विमान होतं, आणि त्याआधी मला आईला एकच गोष्ट सांगायची होती: मला तुमच्याबरोबर घेऊन चला.

सांगायला काय जातं, असं कुणालाही वाटेल. निनाद मारत नव्हता. ओरडतही नव्हता. तो फक्त बोलणं बंद करायचा. आमटीत मीठ जास्त पडलं की दोन दिवस. त्याला न विचारता खालच्या मजल्यावरच्या आजींकडे कोरियन शिकायला गेले, तेव्हा एक आठवडा. एका घरात राहायचं, एका टेबलावर जेवायचं, आणि समोरच्याने आपण नाहीच असं वागायचं. पहिल्यांदा मी रडले, मग माफी मागितली, मग कशाबद्दल मागतेय तेही न कळता मागितली. या खेपेला गुन्हा असा होता की आईदादांनी किती दिवस राहायचं ते मीच त्यांना सांगून टाकलं. तीन आठवडे होत आले होते. माझा पासपोर्ट त्याच्या लोखंडी पेटीत होता आणि पेटीची किल्ली त्याच्या जुडग्यात. परदेशात कागद जपावे लागतात, असं त्याचं म्हणणं. मिरजेच्या हॉस्पिटलातली फिजिओथेरपीची नोकरी सोडून मी या माणसामागे आले होते.

आईला मी फोनवर एकदा सुचवून पाहिलं होतं. "तो माझ्याशी बोलत नाही गं."

"दमून येत असतील," आई म्हणाली होती. "जरा सांभाळून घे."

आणि आता इथं येऊन तिने सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तिला काय दिसलं? पहिल्या रात्री ताटं मांडताना ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मोठ्यांसमोर बायकोशी बोलत नाहीत बघ. तुझे आजोबा असेच होते. हल्लीच्या मुलांत कुठं राहिलीय एवढी मर्यादा!"

मी भांडं ओट्यावर आपटलं. तिला वाटलं, निसटलं. स्वतःच्या आईची कीव येणं ही काही चांगली गोष्ट नाही, पण मला आली. तीस वर्षं संसार करून बाईला मर्यादा आणि माज यांतला फरक कळू नये!

गुकजे बाजाराच्या गल्ल्यांत गर्दी मावत नव्हती. डोक्यावर ताडपत्र्या, मधोमध बाकडी, बाकड्यांपलीकडे एप्रन बांधलेल्या, केस कुरळे करून घेतलेल्या बायका. मोठ्या पातेल्यांत माशांच्या वड्यांच्या काड्या उकळत होत्या. वाफेने दादांचा चष्मा सारखा धूसर होत होता आणि ते तो सारखा धोतराला, नाही, पँटला पुसत होते. धोतर त्यांनी खास या प्रवासासाठी सोडलं होतं. जावयाला तिथं लाजल्यासारखं व्हायला नको, म्हणून.

"हे लोक काहीही खातात," निनाद आईला म्हणाला. आणि लगेच माशाची काडी उचलून खाऊ लागला. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. आईदादा बाकड्याच्या टोकाला बसून पिशवीतल्या दशम्या आणि लसणीची चटणी खात होते. निनादने बाईंना इंग्रजीत विचारलं, मग तेच इंग्रजी मोठ्याने विचारलं. कोरियात इतकी वर्षं काढून तो एवढंच शिकला होता की ओरडलं की भाषा कळते.

"दादा, जरा केतकीला सांगता का? पाण्याची बाटली तिच्याकडे आहे."

केतकी म्हणजे मी. त्याच्या आणि माझ्या मध्ये फक्त दादांची दशमी होती.

"केतकी, बाटली दे गं निनादरावांना," दादा म्हणाले, आणि कौतुकाने हसले. मी बाटली दिली. त्याने ती माझ्या हातातून घेताना बोटाला बोट लागणार नाही याची काळजी घेतली. ही कला त्याने चांगली कमावली होती.

पुढच्या गल्लीत साखर जाळून बनवायच्या चकत्यांचं दुकान लागलं. पळीत साखर वितळवायची, चिमूटभर सोडा टाकला की ती फसफसून फुगते. दादा साखर कारखान्यात जन्म घालवलेले, ते खूश झाले.

"हिला जाळी असणारच! सोडा पडला म्हणजे जाळी पडलीच."

चकती वरून मात्र आरशासारखी गुळगुळीत होती. निनादने ती बोटाने वाजवून पाहिली. "दिसत नाही, दादा."

"आत आहे. मोडून बघा हवं तर."

त्याने मोडली. आत अक्षरशः जाळीच जाळी होती. दादांचा चेहरा फुलला.

"पण आता ही खंडित झाली," निनाद म्हणाला. "न मोडता आईला जाळी दाखवायची कशी? आणि मोडून दाखवली तर चालायची नाही."

मी एवढ्या जोरात हसले की दुकानदारही हसला. निनादने माझ्याकडे पाहिलं नाही. आई मात्र दचकून पाहत राहिली. "हसतेस काय?" ती पुटपुटली. "त्यांच्या आईचा जीव अडकलाय त्यात."

तिचा जीव. माझा कुठं अडकलाय ते विचारायला कुणाला वेळ होता! मी आईचा दंड धरून तिला जरा मागे खेचलं. "आई, मला बोलायचंय तुझ्याशी. आत्ता."

"वाण झालं की बोलू," ती म्हणाली. "आधी डोक्यावरचं ओझं उतरू दे."

आणि मग ते सापडलं. कोपऱ्यावरच्या दुकानात परातीएवढा पिवळसर पाव वाफेतून नुकताच बाहेर काढला होता, वर दोनचार मनुका चिकटवलेला. बाईंनी सुरी चालवून एक चौकोन कापून पुढे केला आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती. भोकातून भोक, एकसारखं.

"अरे वा!" दादा म्हणाले. त्यांनी वास घेतला. "आणि आंबूस वास बघ कसा. अगदी अनारशाच्या पिठासारखा."

तो वास मला चांगला ठाऊक होता. खालच्या आजींनी हाच पाव मला घरी करून खायला घातला होता. तो फुगतो तांदळाच्या दारूने. पिठात पाणी घालायच्या जागी दारू घालतात आणि रात्रभर झाकून ठेवतात.

"दादा," निनाद म्हणाला, "केतकीला त्या बाईंना विचारायला सांगा, अंडं आहे का यात."

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अंडं नाही.

"अंडं नाही," मी दादांना सांगितलं. जेवढं विचारलं तेवढं मी सांगितलं. आणखी कुणी काही विचारलं नाही.

निनादने लगेच नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई फोनच्या चौकटीत मावत नव्हत्या, म्हणून फक्त एक डोळा आणि नथ दिसत होती. त्याने पावाचा तुकडा त्या डोळ्यासमोर नेला.

"अगं बाई, काय सुरेख जाळी पडलीय! पण हे कापलेलं दिसतंय."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. "कापूनच मिळतं हो इथं, विहीणबाई."

नथ थोडा वेळ हलली. "कापली म्हणजे ती वडी झाली. वडी चालते. आमचं काही म्हणणं नाही. पण सूर्यास्ताच्या आत द्या बरं का. उद्यापासून अधिक नाही."

म्हणजे घरी जाऊन द्यायला वेळ नव्हता. इथंच, बाजारातच द्यायचं ठरलं. बाईंनी तेहतीस चौकोन कापून एका मोठ्या पांढऱ्या तबकात रचले. आपल्या दुकानामागचं एक रिकामं टेबलही वापरायला दिलं. मी त्यांना एवढंच सांगितलं की आमच्याकडचा एक रिवाज आहे. दारूचा पाव मांडून देवाला बोलावण्याचा रिवाज असावा, असं समजून त्यांनी आदराने मान हलवली.

पाद्यपूजेला पाणी हवं म्हणून आईदादा बाजाराच्या टोकाला असलेल्या नळाकडे गेले. जावयाचे पाय धुवायचे होते ना! निनादला तेवढ्यात तळलेली गोड पोळी खाण्याची इच्छा झाली. कोरियातली ती पोळी आपल्या पुरणपोळीची लांबची चुलतबहीण, पण आत पुरणाऐवजी गुळाचा पाक आणि बिया असतात, आणि तो पाक तेलाइतका गरम असतो. कागदी पेल्यात उभी घालून देतात. निनादने ती घेतली, मग न बोलता माझ्यापुढे धरली. मी हात पुढे करावा, पोळी धरावी, आणि त्याने फोटो काढावा. शब्दाची गरजच काय? मी धरली. तो एका डोळ्याने कॅमेऱ्यात पाहून मागेपुढे होत होता.

गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला. पोळी कागदातून उसळली आणि पाक माझ्या मनगटावर ओघळला.

मी किंचाळले. पाक कातडीला चिकटून बसला होता, झटकला तरी निघेना. पोळीवाल्या बाई धावत आल्या, त्यांनी माझा हात बर्फाच्या पाण्याच्या बालदीत खुपसला आणि निनादला कोरियनमध्ये झापलं. तो त्यांना इंग्रजीत थँक यू म्हणाला. मग फोनवर काहीतरी टाइप करू लागला. जवळपास औषधाचं दुकान शोधत असेल, असं मला वाटलं. खरंच तसं वाटलं. इतकं सगळं होऊनही माणसाबद्दल बरं वाटून घ्यायची खोड जात नाही.

आईदादा धापा टाकत आले. दादांच्या एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात निनादनेच घेऊन दिलेला फोन होता.

"कुठं भाजलं? किती भाजलं?" आईने माझा हात बालदीतून बाहेर काढला. मनगटावर कातडी लालबुंद होऊन सुरकुतली होती. तिने ती पाहिली आणि परत पाण्यात बुडवली. मग मान वळवून दादांना म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"निनादरावांचा मेसेज आला."

आईने फोन त्यांच्या हातातून घेतला. तिला वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचते. मलाही तिच्या खांद्यावरून दिसत होतं: केतकीला भाजले आहे. कृपया बघावे.

तिने फोनवरून नजर उचलली आणि निनादकडे पाहिलं. तो आमच्यापासून दोन हातांवर उभा होता.

"निनादराव, तुम्ही इथंच होतात?"

"हो तर. म्हणून तर लगेच कळवलं."

"इथं दुसरं कुणी नव्हतं? मोठं माणूस?"

"नाही, आई. आम्ही दोघंच होतो."

आईने फोन दादांना परत दिला. दादा म्हणाले, "चला, ऊन उतरायला लागलं." मनात आलं, झालं, आता ही मला सांगणार, जरा सांभाळून घे, पाक गरमच असतो. तिच्याकडे बघायचीही मला इच्छा उरली नव्हती.

टेबलावर सगळं मांडलं. मधोमध तबक, त्यात पिवळ्या वड्यांचा डोंगर. दादांच्या खिशातून चांदीचं निरांजन निघालं, तुपात भिजवलेली फुलवात निघाली, कुंकवाची डबी निघाली. तिखटाच्या लाल बाटलीला टेकवून फोन उभा केला आणि त्यात सासूबाई आल्या, या वेळी दोन्ही डोळ्यांनिशी. निनाद प्लास्टिकच्या स्टुलावर बसला.

"अहो, पाय वगैरे कशाला, दादा," तो म्हणाला, "मी काही मानत नाही." आणि बूट काढून, मोजे काढून, पाय पुढे केले.

दादा खाली बसले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून एक हात टेबलाला धरून, आधी एक पाय मग दुसरा, असे बसले. शेजारच्या बाकड्यांवरची माणसं खाणं थांबवून बघत होती. साठी उलटलेला माझा बाप बाजारात ओल्या फरशीवर बसून, बाटलीच्या पाण्याने त्या माणसाचे पाय धूत होता. मी तोंड फिरवलं. मला त्या दोघांची सारखीच घाण वाटली, धुणाऱ्याची आणि धुवून घेणाऱ्याचीही.

"आता वाण द्या हो, विहीणबाई," फोनमधून आवाज आला. "पदर घेऊन द्या."

आई तबकाजवळ उभी होती. तिने तबक उचललं नाही. एक वडी हातात घेऊन ती दाबून पाहत होती, बायका पीठ बघतात तशी.

"केतकी," ती मला म्हणाली, "अंडं नाही म्हणालीस ना यात?"

"नाही."

"सोड्याचा वास नाही. मग एवढं फुगलं कशानं? आंबवलंय कशात?"

बुसानच्या त्या बाजारात दिवसभरात मला कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. मी तिच्या कानाशी वाकले. "दारूत. तांदळाच्या."

आईने हातातल्या वडीकडे पाहिलं. मग तबकाकडे, निरांजनाकडे, निनादच्या ओल्या पायांकडे. मला वाटलं, आता ती किंचाळणार, राम राम म्हणणार, हात धुवायला पळणार. नैवेद्याच्या खिरीत साखर पुरेशी आहे का, हे जिने जन्मात कधी चाखून पाहिलं नाही, वासावरून ठरवलं, ती माझी आई.

तिने वडी तोंडात घातली आणि चावली.

फोनमधली नथ थरथरली. "अहो! विहीणबाई! उष्टं केलंत की वाण!"

"हो," आई तोंडातला घास गिळत म्हणाली. "चांगलं झालंय." तिने दुसरी वडी उचलून माझ्या चांगल्या हातात दिली. "खा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"आई, हे काय करताय?" निनाद उठला. अनवाणीच. त्याच्या कपाळावर दादांनी नुकतंच लावलेलं कुंकू घामाने नाकावर उतरलं होतं. "सूर्यास्त व्हायला आलाय. दुसरं कुठून आणणार आता?"

"आणायचं नाही. निनादराव, केतकीचा पासपोर्ट कुठं असतो?"

तो माझ्याकडे वळला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलला. "केतकी, हा काय तमाशा लावलायस?"

"तिनं तोंड उघडलेलं नाही," आई म्हणाली. "मी विचारतेय. कुठं असतो?"

"घरी. पेटीत. हे बघा, आपण घरी जाऊन शांतपणे—"

"किल्ली द्या."

आईचा आवाज चढलेला नव्हता. पण आजूबाजूच्या बाकड्यांवरून एप्रनवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. पोळीवाल्या बाई कमरेवर हात ठेवून सगळ्यांत पुढे. त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी त्यांना सगळं कळत होतं. फोनमध्ये सासूबाई, आमचं काही म्हणणं नव्हतं, आमचं काही म्हणणंच नव्हतं, असं एकसारखं म्हणत होत्या. निनादला घरात काहीही चालायचं, पण चारचौघांत शोभा झालेली चालत नसे. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जुडग्यातून एक किल्ली ओरबाडून काढली आणि आईच्या हातात न देता तबकात फेकली.

दादा अजून फरशीवरच बसलेले होते. ते टेबलाला धरून उठले. काय चाललंय हे त्यांना पुरतं उमजलेलं नसावं, पण आईचा चेहरा त्यांनी पाहिला होता. त्यांनी वड्यांमधून किल्ली उचलली, खिशातल्या रुमालाने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"परवाच्या विमानात जागा आहे का बघायला पाहिजे," ते म्हणाले. "इंग्रजीत विचारावं लागेल ना? तू विचार."

बसमध्ये निनाद पुढे बसला, आम्ही तिघं सगळ्यांत मागे. घरी पोहोचल्यावर पेटी उघडायची, कागद घ्यायचे, कपडे भरायचे आणि रात्र खालच्या आजींकडे काढायची, असं ठरलं होतं. दादा खिडकीला डोकं टेकून झोपी गेले. आई माझा भाजलेला हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या तोंडाला अजून त्या वडीचा आंबूस वास येत होता.

"काल रात्री, परवा रात्री, तू बोलायला बघत होतीस," ती म्हणाली. "हेच ना?"

"हेच."

बस पुलावरून जात होती.

"तू सगळं नीट सांगितलं असतंस ना," ती म्हणाली, "तरी मी तुला इथंच राहा म्हणाले असते."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणून तर सांगवत नव्हतं."